नादारीचा अर्ज : अमेरिकन कॉलेजच्या मदतीच्या पत्राचा इतिहास

'नादारी' हा शब्द आपल्यातील वडील पिढीला समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेत अर्ज करावयाचा, वडिलांच्या पगाराचा दाखला जोडावयाचा आणि मग पूर्ण नादारी मिळते, की अर्धी, की मुळीच नाही, याची वाट पाहावयाची, हा अनुभव मुंबई-ठाण्याच्या आणि कुलाबा जिल्ह्यातील पुष्कळ घरांनी घेतला आहे. पुढे कॉलेजात ई.बी.सी.चा फॉर्म आला. नंतर आपली बहुतेक कुटुंबे आलिया करून इस्राएलला आली, काही इंग्लंड-अमेरिकेकडे गेली, आणि आपण समजलो की नादारीचा अर्ज आता मागे पडला.

अमेरिकेत मुलांना वाढवणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना मात्र तो पुन्हा भेटतो, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या आकड्यांनिशी. तेथे त्याचे नाव 'फॅफ्सा'. मुलाला कॉलेजचा प्रवेश मिळाला म्हणून घरात पेढे वाटले जातात. त्यानंतर, किंवा त्याच पाकिटातून, आर्थिक मदतीचे पत्र येते. त्यातील आकडा वाचून घरातले बोलणे थांबते. प्रवेश मिळाला आहे, पण जाता येणार नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला वाटते की आपणच कुठेतरी कमी पडलो. बापाला वाटते की आपण कमी कमावले.

हे दोन्ही समज खरे नाहीत. त्या पत्रामागे पावणेचारशे वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला तर निराशा टळेल असे नाही, पण तिचे ओझे मुलाच्या माथी बसणार नाही.

पहिले शंभर पौंड

अमेरिकेतील कॉलेज-शिष्यवृत्तीचा इतिहास सुरू होतो तो एका विधवेच्या देणगीपासून. लंडनच्या लेडी अ‍ॅन मौल्सन यांनी 1643 मध्ये हार्वर्ड कॉलेजला 100 पौंड दिले. त्या रकमेच्या उत्पन्नातून एका गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पण ती रक्कम मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या खजिन्यात जाऊन पडली आणि कॉलेजला 1713 मध्ये परत मिळाली. म्हणजे या देशातील पहिल्याच शिष्यवृत्तीच्या पैशाची वाट 70 वर्षे पाहावी लागली! या बाईंचे माहेरचे नाव रॅडक्लिफ. हार्वर्डशेजारच्या स्त्रियांच्या कॉलेजला 1894 मध्ये तेच नाव देण्यात आले.

पुढील अडीचशे वर्षे मदतीचे स्वरूप असेच राहिले. कोणा दात्याने रक्कम ठेवावी, कॉलेजच्या चालकांनी आपल्या मर्जीने विद्यार्थी निवडावा. त्यात नियम थोडा आणि मेहेरबानी फार होती.

जेथे पत्रच येत नसे

याच काळात न्यूयॉर्क शहराने वेगळा मार्ग धरला. 1847 मध्ये शहरातील मतदारांनी मतदानाने 'फ्री अकॅडमी' स्थापण्यास संमती दिली. 1849 मध्ये ती उघडली आणि पुढे 'सिटी कॉलेज' या नावाने प्रसिद्ध झाली. परीक्षेत बसा, गुण मिळवा आणि शिका, फी नाही. मुलींसाठी 1870 मध्ये जे कॉलेज निघाले त्याला पुढे हंटर कॉलेज म्हणू लागले.

पूर्व युरोपातून आलेल्या आपल्या यहुदी बांधवांच्या मुलांना हे सिटी कॉलेज केवढा आधार ठरले हे सर्वश्रुत आहे. शिवणकाम करणाऱ्या, हातगाडीवर माल विकणाऱ्या आईबापांची मुले तेथे शिकली. पोलिओची लस शोधणारे डॉ. जोनास साल्क 1934 साली तेथूनच पदवीधर झाले. त्याच सुमारास मोठ्या खासगी विद्यापीठांतील वारे निराळे होते. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी 1922 मध्ये यहुदी विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा 15 वर आणण्याची योजना मांडली. उघड मर्यादा तेथील प्राध्यापकांनी नाकारली, परंतु चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, राहण्याचा प्रांत अशा आडवळणाच्या कसोट्यांनी तेच काम पुढे साधण्यात आले.

सिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला मदतीचा अर्ज करावा लागत नव्हता, म्हणून नकाराचे पत्रही येत नव्हते. खर्चाचा भार शहराने उचलला होता. मूल गरीब आहे हे कोणी कागदावर लिहून मागत नव्हते.

आपल्या समाजालाही ही रीत परकी नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत त्या शाळेला मिळत असे. मदत संस्थेला मिळाली की तिचा लाभ वर्गातील सर्वांना होतो. मदत एकेका मुलाला द्यावयाची म्हटली की प्रत्येक घराची झडती आली. पुढील सारा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

हक्क आणि हिशेब

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 मध्ये, अमेरिकेने परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. तो 'जी.आय. बिल' म्हणून ओळखला जातो. फी व पुस्तकांसाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंत रक्कम सरकार भरत असे आणि अविवाहित सैनिकाला निर्वाहासाठी महिना 50 डॉलर मिळत. त्या काळी नामांकित खासगी विद्यापीठांची फीही त्यात भागत असे. सुमारे 22 लाख माजी सैनिक यामुळे कॉलेजात गेले. 1947 मध्ये कॉलेजातील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. वर्णभेदामुळे कृष्णवर्णी सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, हा लाभ पुरता घेता आला नाही, हा त्यावरील डाग होय. तथापि ज्याला तो मिळाला त्याला हक्क म्हणून मिळाला. बापाचा पगार कोणी विचारला नाही.

या गर्दीनंतर खासगी कॉलेजांपुढे प्रश्न उभा राहिला. हुशार मुले ओढण्यासाठी ती शिष्यवृत्तीच्या रकमा चढवू लागली होती. हार्वर्डचे जॉन मन्रो यांनी कुटुंबाच्या उत्पन्नावरून ते किती फी देऊ शकेल हे काढण्याचे गणित बसवले. 1954 मध्ये कॉलेज बोर्डाने 'कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस' सुरू केली आणि पालकांकडून उत्पन्नाचा गोपनीय तक्ता भरून घेण्यास प्रारंभ झाला. आज आपण भरतो त्या अर्जाचा हा मूळ पुरुष.

उद्देश चांगला होता. मेहेरबानीच्या जागी नियम यावा आणि ज्याला गरज त्याला पैसा मिळावा, असे त्यांना वाटत होते. पण याच ठिकाणी एक गोष्ट कायमची बदलली. कॉलेजची किंमत प्रत्येक घरासाठी निराळी झाली, आणि ती किंमत प्रवेशाचा निर्णय झाल्याशिवाय कळेनाशी झाली. वाट पाहणे तेथून सुरू झाले.

पैसा कोणाच्या हाती द्यावा?

रशियाने 1957 मध्ये स्पुटनिक सोडला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. 1958 च्या कायद्याने विद्यार्थ्यांना अल्प व्याजाची सरकारी कर्जे मिळू लागली. 8 नोव्हेंबर 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या मोठ्या कायद्यावर सही केली. त्यासाठी ते टेक्सासमधील सॅन मार्कोस गावी, आपल्या जुन्या कॉलेजात गेले. तेथे शिकताना त्यांनी स्वतः झाडलोटीचे काम केले होते.

खरा वाद झाला तो 1972 मध्ये. सरकारी पैसा थेट कॉलेजांना द्यावा, असे प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांचे म्हणणे. तो विद्यार्थ्याच्या नावे द्यावा, म्हणजे गरीब मुलगा तो घेऊन हव्या त्या कॉलेजात जाईल, असे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे मत. पेल यांचा पक्ष जिंकला. या अनुदानाला 1980 पासून त्यांचेच नाव आहे. त्यांचा विचार चुकीचा होता असे म्हणता येत नाही. कोट्यवधी गरीब मुले पेल अनुदानावर शिकली. पण संस्था स्वस्त ठेवण्याची जबाबदारी हळूहळू सुटत गेली आणि अर्ज करण्याची जबाबदारी घराघरावर आली.

1970 च्या दशकाच्या मध्यास सर्वांत मोठे पेल अनुदान सरकारी कॉलेजातील राहण्या-जेवण्यासह वर्षाच्या खर्चाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग भागवीत असे. 2024-25 मध्ये त्याची कमाल मर्यादा 7,395 डॉलर होती, आणि त्यात तशा खर्चाचा एक-तृतीयांशही भागत नाही. अनुदान वाढले, पण खर्च त्याच्या पुढे धावला. मधली दरी कर्जाने भरून काढण्यात आली.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे काय झाले? 1975 मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि 1976 मध्ये तेथे फी सुरू झाली. मोफत शिक्षणाची सुमारे 130 वर्षांची परंपरा संपली. ज्या घरांना कधी पत्राची वाट पाहावी लागली नव्हती, त्यांनाही आता अर्ज भरावे लागले.

न्यायालयात गेलेला प्रश्न

आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि एम.आय.टी. यांचे अधिकारी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी वसंत ऋतूत एकत्र बसत. एकच विद्यार्थी दोन-तीन ठिकाणी निवडला गेला असेल तर त्याला सर्वांनी सारखीच मदत देऊ करावी, असे ते ठरवीत. 1989 मध्ये सरकारच्या न्याय खात्याने चौकशी सुरू केली. 1991 मध्ये खटला भरला. हे संगनमताने किंमत ठरवणे आहे, असे सरकारचे म्हणणे. श्रीमंताच्या हुशार मुलावर पैसा उधळला जाऊ नये, तो गरजूंसाठी राहावा, म्हणून आम्ही हे करतो, असे विद्यापीठांचे उत्तर. आयव्ही विद्यापीठांनी तडजोड केली, एम.आय.टी. लढली. 1992 मध्ये ती हरली, 1993 मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला आणि त्याच वर्षी समेट झाला.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. बैठक बंद झाल्यावर कॉलेजांत चढाओढ वाढली. ज्यांच्याकडे अफाट निधी आहे ती उदार झाली. प्रिन्स्टनने 2001 पासून आपल्या मदतीतून कर्ज काढून टाकले आणि सारी मदत अनुदानाच्या रूपाने देऊ केली. पण अशी श्रीमंत कॉलेजे मोजकी. उरलेली अनेक कॉलेजे विद्यार्थ्याला प्रवेश देतात आणि गरजेच्या मानाने मदत अपुरी देतात. दार उघडे, पण उंबरठा ओलांडता येत नाही अशी ही स्थिती.

2024 चा वसंत

ही सारी यंत्रणा किती नाजूक आहे ते अलीकडे दिसले. 1992 च्या कायद्याने सर्वांसाठी एकच विनाशुल्क अर्ज, म्हणजे फॅफ्सा, आला होता. तो सुटसुटीत करण्याचा कायदा डिसेंबर 2020 मध्ये झाला. नवा अर्ज एरवीच्या 1 ऑक्टोबरऐवजी डिसेंबर 2023 च्या अगदी शेवटी उघडला, तोही अडखळत. महागाईचे जुने आकडे राहून गेले होते. ते दुरुस्त करावे लागले. कॉलेजांना विद्यार्थ्यांची माहिती मिळू लागेपर्यंत मार्च उजाडला. त्यामुळे एरवी 1 मे रोजी द्यावयाचे उत्तर अनेक कॉलेजांनी पुढे ढकलले. सरकारी लेखातपासणी कार्यालयाच्या अहवालानुसार पहिल्या पाच महिन्यांत मदत-केंद्रावर आलेल्या 54 लाख फोनपैकी सुमारे 40 लाख उचललेच गेले नाहीत. ज्या आईवडिलांना सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता, त्यांच्या मुलांचे अर्ज तर कित्येक आठवडे अडकून पडले. नव्याने आलेल्या घरांनाच याचा फटका अधिक बसला.

गणिताला काय दिसत नाही

आपल्या कुटुंबांनी पुढील गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

सरकारी गणित दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरते. मधल्या काळात नोकरी गेली, आजारपण आले, तरी कागदावर आपण सुस्थितीत दिसतो. घरात राहणाऱ्या आणि निम्म्याहून अधिक आपल्यावर अवलंबून असलेल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब धरता येतो. पण ठाण्यात किंवा अश्दोदमध्ये राहणाऱ्या आईला आपण महिन्याकाठी जे पाठवतो ते या गणिताला दिसत नाही. आपल्या घरांत हा खर्च ऐच्छिक मानला जात नाही, आणि मानला जाऊही नये. तसेच 2024-25 पूर्वी दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली तर कुटुंबाचा वाटा विभागला जाई. नव्या सरकारी गणितात ती सोय राहिली नाही. राहते घर सरकारी गणितात धरत नाहीत, पण काही खासगी कॉलेजे आपल्या वेगळ्या अर्जात तेही विचारतात.

दुसरी गोष्ट पत्राच्या भाषेची. 2018 मध्ये अशी शेकडो पत्रे तपासली गेली, तेव्हा एकाच प्रकारच्या सरकारी कर्जासाठी 136 निरनिराळी नावे आढळली, आणि त्यांतील 24 नावांत 'कर्ज' हा शब्दच नव्हता! म्हणून पत्र हाती आल्यावर त्यातील रकमा तीन ढिगांत मांडाव्यात : परत न करावयाचे अनुदान, मुलाने काम करून मिळवावयाचे वेतन आणि फेडावयाचे कर्ज. आईबापांच्या नावचे कर्ज मदतीत मिळवून शेवटी शिल्लक शून्य दाखवलेली असते, तिकडे विशेष लक्ष द्यावे. वर्षाच्या एकूण खर्चातून फक्त अनुदान वजा करावे. उरलेला आकडा ही खरी किंमत.

तिसरी गोष्ट अशी की पत्र म्हणजे अंतिम निकाल नव्हे. परिस्थिती बदलली असल्यास पुनर्विचाराची विनंती करता येते. मदत अधिकाऱ्याला गणितातील आकडे बदलण्याचा अधिकार कायद्याने आहे, आणि अशा सर्व विनंत्या सरसकट नाकारण्याचे धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. नोकरी गेल्याचे पत्र, दवाखान्याची बिले असे कागद जोडून नम्रपणे पण स्पष्ट लिहावे. आपल्याकडे हात पसरणे कमीपणाचे मानतात; येथे तो प्रश्न नाही. रक्कम वाढेलच असे मात्र नाही.

चौथी गोष्ट इस्राएलहून किंवा भारतातून अर्ज करणाऱ्या मुलांसाठी. ग्रीन कार्डधारकाला सरकारी मदत मिळू शकते, परंतु परदेशी विद्यार्थ्याला पेल अनुदान किंवा सरकारी कर्ज मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., अ‍ॅमहर्स्ट अशी थोडीच विद्यापीठे परदेशी मुलाची गरज न पाहता प्रवेश ठरवतात आणि नंतर गरज पूर्ण भागवतात. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यताही घटू शकते. इस्राएलमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांची फी ठरलेली असते, आणि नव्याने आलिया केलेल्या तरुणांना वयाच्या व मुदतीच्या अटींवर मिनहाल हा-स्टुडेंटिमकडून फीची मदत मिळू शकते. अमेरिकेचे स्वप्न पाहताना हा हिशेबही शेजारी मांडून पाहावा.

अर्ज भरण्यापूर्वीच आईवडिलांनी मुलासमोर बसून आपल्याला वर्षाला किती झेपेल तो आकडा सांगावा. आकडा लपवून मुलाला दहा कॉलेजांची स्वप्ने पाहू देणे आणि एप्रिलमध्ये त्याला एकाच रात्री सारे सांगणे, यात अधिक निष्ठुरता आहे. यादीत आपल्या राज्याचे एक सरकारी कॉलेज असावे, आणि तेथे जावे लागले तर ती शिक्षा आहे असे घरात कोणी बोलू नये. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून पुढे मोठ्या विद्यापीठात गेलेली मुलेही पुष्कळ आहेत.

एवढे करूनही ज्या घरी अपुरे पत्र येईल, तेथील मुलाला वडील मंडळींनी हा इतिहास जरूर सांगावा. सिटी कॉलेजच्या वर्गात बसलेली मुले त्याच्यापेक्षा निराळी नव्हती. त्यांचा खर्च गावाने वाटून घेतला होता, त्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या घरावर आला आहे. आणि ज्यांची मुले शिकून मार्गी लागली आहेत, त्यांनी आपल्या ओळखीतील एखाद्या घरी मार्च महिन्यात फोन करावा. अर्ज कसा भरला, विनंती कशी लिहिली, कोठे फसगत झाली, हे दोन शब्द सांगण्यास पैसे पडत नाहीत, आणि त्या महिन्यात तसा फोन कोणालाही हवाच असतो.